नक्षीच्या बैठकीत विणकराची खुर्ची

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी, आंधळगाव या भागात विणली जाणारी करवतकाठी साडी आता सरकारदरबारी अनोळखी राहिलेली नाही. तिला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. राज्याच्या २०२३ ते २०२८ या काळाच्या वस्त्रोद्योग धोरणात पैठणी, हिमरू, घोंगडी आणि खण यांच्या पंक्तीला तिचेही नाव आहे. तरीही या जिल्ह्यातल्या मागांची चर्चा निघाली की उपाय म्हणून एकच गोष्ट पुढे येते : नवे डिझाइन आणा, त्यासाठी शहरातून चांगला डिझायनर आणा. ही सूचना चुकीची नाही, पण अर्धी आहे. डिझायनर आला तरी तो कोणाबरोबर बसून काम करणार, नमुना फसत असेल तर ते कोण बोलून दाखवणार, साडी गाजली तर नाव आणि पैसा कोणाच्या वाट्याला जाणार, या प्रश्नांची उत्तरे आधी ठरलेली नसतील तर नवी नक्षी एका प्रदर्शनापुरती टिकते आणि माग पुन्हा जुन्या वाटेला लागतो. डिझाइनची टीम शिबिरांनी आणि स्नेहभोजनांनी बांधली जात नाही. ज्याच्या हातात प्रत्यक्ष धागा आहे त्याला निर्णयात मत, अडचण सांगायची मोकळीक आणि श्रेयात वाटा मिळाला की ती आपोआप बांधली जाते. भंडाऱ्याच्या हातमागाला नव्या नक्षीइतकीच या कार्यसंस्कृतीची गरज आहे.

हे पटण्यासाठी साडीच्या काठाकडे जवळून पाहावे लागेल. करवतकाठीचे अंग कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाचे असते आणि काठ सुताचा. मधल्या पोताला एक धोटा आणि दोन्ही बाजूंच्या काठांना एकेक, असे तीन धोटे चालतात. प्रत्येक ओळीला काठाचा आडवा धागा अंगाच्या आडव्या धाग्यात अडकवला जातो. ही सांधणी काही धागे पुढे, काही धागे मागे सरकत गेली की करवतीच्या दातांसारखी ती प्रसिद्ध कड उमटते. आता समजा, कागदावर असे ठरले की काठ आणि अंग एकाच फिक्या निळ्या रंगाचे हवे आणि काठ नेहमीपेक्षा दोन बोटे रुंद हवा. कागदावर हे दोन रेघांचे काम आहे. रंगाऱ्यापुढे मात्र प्रश्न उभा राहतो. सूत आणि रेशीम वेगवेगळ्या जातीचे रंग घेतात, त्यामुळे दोन्हींवर तंतोतंत एकच छटा आणणे कठीण. शिवाय कोशाचा मूळचा मधासारखा रंग फिक्या छटेतून डोकावतो. तो घालवायचा तर विरंजन करावे लागते, आणि ते जास्त झाले तर धाग्याचे नुकसान होते. विणकराला ताणा पुन्हा मांडावा लागतो, फणीत धागे नव्याने भरावे लागतात. सुताचा आणि रेशमाचा ताण सारखा नसल्याने रुंद काठाच्या सांध्याशी चुण्या पडतील का, ही धास्ती वेगळीच. म्हणजे नक्षीचा खरा निकाल रंगाऱ्याच्या भांड्यात आणि मागाच्या खड्ड्यात लागतो. हे ज्ञान ज्यांच्याकडे आहे तेच लोक कागदावरचा निर्णय होताना बहुधा खोलीबाहेर असतात.

ही साखळी मागाच्याही आधी सुरू होते. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या पोसणारे ढिवर समाजातले उत्पादक, कोष उकळून त्यातून सूत काढणाऱ्या बाया, कांड्या भरणारे घरातले हात, रंगारी, विणकर आणि विक्रेता, अशा सगळ्यांच्या निर्णयांतून एक साडी उभी राहते. मध्य भारतात आणि पूर्वेकडे अनेक ठिकाणी कोशाचे सूत बाया उघड्या मांडीवर वळून काढत आल्या. ती पद्धत शरीराला त्रासदायक म्हणून केंद्रीय रेशीम मंडळाने 'बुनियाद' नावाचे यंत्र पुढे आणले. यंत्राचे सूत अधिक एकसारखे निघते, हाताच्या सुताला खडबडीत पोत असतो. कोणत्या साडीला कोणते सूत शोभेल हा अस्सल डिझाइनचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर सूत काढणारी बाई इतर कोणाहीपेक्षा नेमके देऊ शकते. २०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत देशात ३५ लाख २२ हजार हातमाग कामगार मोजले गेले, त्यांपैकी २५ लाख ४६ हजार महिला होत्या. इतक्या मोठ्या संख्येने काम करणाऱ्या या महिला नक्षी ठरवण्याच्या बैठकीत क्वचितच दिसतात. त्यांना 'मदतनीस' म्हणून नोंदवणारी व्यवस्था स्वतःच्याच सर्वांत अनुभवी सदस्यांना गमावून बसते.

अडचण सांगायची मोकळीक ही सौजन्याची बाब नाही, कामाच्या दर्जाशी तिचा थेट संबंध आहे. हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतील औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील अशी अपेक्षा होती. आकडे उलटे निघाले : चांगल्या नेतृत्वाच्या विभागांत चुकांच्या नोंदी जास्त होत्या. कारण शोधले तेव्हा दिसले की तिथले लोक चुका लपवत नव्हते, त्यामुळे त्या नोंदीवर येत होत्या. पुढे १९९९ मध्ये त्यांनी फर्निचर बनवणाऱ्या एका कंपनीतल्या ५१ टीमचा अभ्यास प्रसिद्ध केला. बोलल्याने आपल्याला कमी लेखले जाणार नाही असा भरवसा ज्या टीममध्ये होता, त्या अधिक शिकत होत्या आणि त्यातूनच त्यांचे काम सरस होत होते. हा निष्कर्ष आपल्या मागांना लावून पाहा. मजुरी साडीमागे ठरलेली असते. नमुना विणण्यात गेलेले दिवस, ताणा बदलण्यात गेलेला वेळ आणि फसलेला तुकडा यांचा भार बहुधा विणकरावरच पडतो. अशा वेळी 'हे जमणार नाही' असे म्हणणाऱ्या विणकराला पुढची ऑर्डर मिळेल की नाही याची धाकधूक असते, आणि 'जमेल' म्हणणाऱ्याच्या अंगावर तोटा येतो. तो गप्प राहतो आणि जुनीच नक्षी विणत राहतो. त्याला आपण 'विणकर बदलायला तयार नाहीत' असे नाव देतो. खरे तर तो पैशाचा हिशेब बरोबर करत असतो. हिशेबाची रीत बदलली तर त्याचे वागणेही बदलेल.

एकत्र काम करण्याची ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. १९५६ पासून देशात विणकर सेवा केंद्रे उभी राहिली आणि त्यांत चित्रकार, रंगारी व विणकर एका छताखाली आले. रेखाटन, रंगणी आणि माग हे तिन्ही विभाग शेजारी असावेत, ही त्यामागची दृष्टी होती. चित्रकार प्रभाकर बरवे १९६१ मध्ये या सेवेत आले, आधी वाराणसी आणि पुढे मुंबई केंद्रात त्यांनी प्रदीर्घ काळ काम केले. के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखा कलावंतही त्याच सुमारास हातमाग मंडळाच्या डिझाइन विभागात होता. आधुनिक भारतीय चित्रकलेतली ही मोठी नावे मागाच्या शेजारी बसली, याचा अभिमान वाटायलाच हवा. पण या इतिहासातली एक उणीवही पाहिली पाहिजे. चित्रकारांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. त्यांच्या रेखाटनांना कापडात उतरवणाऱ्या विणकरांची नावे सर्वसाधारण वाचकाला सांगता येणार नाहीत. शेजारी बसणे झाले, बरोबरीने बसणे राहून गेले.

हीच उणीव युरोपातही दिसली होती. १९१९ मध्ये जर्मनीतल्या वायमार इथे सुरू झालेल्या बाउहाउस या प्रसिद्ध कलाशाळेने प्रत्येक कार्यशाळेला दोन गुरू दिले : एक आकार शिकवणारा कलावंत, दुसरा हस्तकौशल्य शिकवणारा कारागीर. योजना उत्तम होती, पण शाळेच्या कारभारात कारागीर गुरूंना कलावंतांइतका अधिकार नव्हता आणि त्यावरून कुरबुरी होत राहिल्या. पुढे डेसाउमध्ये विणकाम विभागाची सूत्रे गुंटा श्टोल्झल यांच्याकडे आली. त्या त्याच शाळेत शिकलेल्या होत्या, मागावर बसलेल्या होत्या, रंगणीचे शिक्षण त्यांनी वेगळे घेतले होते. त्यांच्या काळात हा विभाग शाळेतल्या सर्वांत यशस्वी विभागांपैकी एक ठरला. धागा जाणणाऱ्या व्यक्तीच्या हाती निर्णयाचा अधिकार आला की काय घडते, याचा तो धडा आहे.

भंडाऱ्याला तर हा धडा घरातच सापडायला हवा, कारण हे पितळी भांड्यांचे शहर म्हणून ओळखले जाते. १९५८ मध्ये अमेरिकी डिझायनर चार्ल्स आणि रे ईम्स यांनी भारत सरकारच्या सांगण्यावरून एक अहवाल लिहिला, ज्याच्या आधारे अहमदाबादला १९६१ मध्ये राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली. देशभर पाहिलेल्या वस्तूंमध्ये त्यांनी सर्वाधिक गौरवला तो साधा लोटा. पाण्याचे माप, डोक्यावर वा कमरेवर नेताना साधणारा तोल, हातात बसणारी मान, घासायला सोपा पडणारा आकार, अशा कित्येक बाबींची नोंद करून त्यांनी असा निष्कर्ष काढला की अशी वस्तू कोण्या एका माणसाने घडवलेली नाही, पिढ्यान् पिढ्या अनेकांनी मिळून ती घडवली आहे. स्टील आणि प्लास्टिकपुढे पितळेची पीछेहाट झाली हे खरे, पण त्याचे कारण सामूहिक डिझाइन कमकुवत होते असे नव्हे. वापरणारा, घडवणारा आणि विकणारा यांच्यातले ते जुने बोलणे तुटले आणि बदललेल्या स्वयंपाकघराला नवे उत्तर देणारी बैठक कुठेच भरली नाही. करवतकाठीच्या बाबतीत ती चूक टाळता येईल.

आपले कायदेही या प्रश्नावर दोन तोंडांनी बोलतात. १९९९ चा भौगोलिक मानांकन कायदा असे मानतो की काही वस्तूंचे वैशिष्ट्य एका प्रदेशातल्या सगळ्या उत्पादकांचे आहे. म्हणूनच हे मानांकन कोणाला विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, कोणाच्या नावावर करता येत नाही. याउलट २००० चा डिझाइन कायदा असे सांगतो की मोबदला देऊन दुसऱ्याकडून डिझाइन करून घेतले तर त्याचा मालक करून घेणारा ठरतो. त्यामुळे करवतकाठी ही परंपरा सर्वांची आहे, पण त्या परंपरेतून उद्या निघणारी नवी नक्षी मात्र ज्याने पैसे दिले त्याची होऊ शकते. विणकराने सुचवलेला बदल, रंगाऱ्याने शोधलेली छटा कागदावर कुठेच येत नाही. कायदा एका रात्रीत बदलणार नाही, पण लेखी करार बदलता येतो. नव्या नक्षीच्या करारात सर्व सहभागींची नावे आणि विक्रीतला ठरलेला वाटा लिहिण्यास आजही कोणता कायदा आड येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की दहा जणांनी मिळून ठरवलेली नक्षी धड कोणाचीच राहत नाही. चांगल्या डिझाइनला एकाची ठाम नजर लागते. आक्षेपात तथ्य आहे. रंगसंगतीचा शेवटचा निर्णय मतदानाने घेऊ नये. मात्र सहभाग म्हणजे प्रत्येकाला नकाराधिकार असे नव्हे. निर्णय कोण घेणार हे आधीच स्पष्ट असावे, आणि तो घेण्यापूर्वी ज्यांच्या कामावर त्याचा परिणाम होतो त्यांचे ऐकलेच पाहिजे, इतकाच नियम पुरे. ऐकूनही डिझायनरने वेगळा निर्णय घेतला तर त्याने कारण सांगावे. यात त्याचा अधिकार कमी होत नाही, उलट त्याच्या नजरेला मागाची साथ मिळते. शिवाय विणकरालाही बाजाराची बाजू ऐकावी लागेल. मुंबई-पुण्यातली तरुण ग्राहक साडीऐवजी दुपट्टा किंवा जॅकेटचे कापड मागत असेल, तर 'आमच्याकडे असे होत नाही' हे उत्तर पुरेसे नाही. बरोबरीच्या बैठकीत दोन्ही बाजूंना शिकावे लागते.

दुसरा आक्षेप वेळेचा आणि पैशाचा. बाजार घाईत आहे, यंत्रमागाच्या कापडावर छापील नक्कल काही दिवसांत तयार होते, मग बैठका घेत बसायला सवड कुठे? पण हातमाग घाईच्या शर्यतीत यंत्रमागाला कधीच हरवू शकणार नाही. त्याची बाजू आहे ती यंत्राला सहज न जमणाऱ्या विणीत आणि धाग्याच्या अस्सलपणात. तीन धोट्यांची सांधणी हीच करवतकाठीची खरी पुंजी आहे. ती पुंजी नीट वापरण्यासाठी लागणारा वेळ वाया जात नाही. उलट रंगाऱ्याला न विचारता काढलेली ऑर्डर परत येते, तेव्हा वाचवलेल्या वेळेच्या कितीतरी पट वेळ आणि रेशीम हातचे जाते. पैशाचे म्हणाल तर केंद्राच्या हातमाग विकास कार्यक्रमातील समूह योजनेत डिझायनर नेमण्याची तरतूद आहे. त्याच धर्तीवर नमुना विणणाऱ्या विणकराच्या दिवसांची मजुरी प्रकल्पखर्चात मांडता येईल. आराखडा काढणाऱ्याला मानधन आणि तो सिद्ध करणाऱ्याला काहीच नाही, ही विषमता खर्चाच्या अडचणीतून आलेली नाही, ती सवयीतून आली आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे : विणकरांना औपचारिक शिक्षण नाही, मग ते डिझायनरच्या बरोबरीने कसे बोलणार? याचे उत्तर कच्छने दिले आहे. तिथे २००५ मध्ये कला रक्षा विद्यालय आणि २०१४ मध्ये सोमैया कला विद्या या संस्थांनी परंपरेने विणकाम, बांधणी, छपाई करणाऱ्या कारागिरांनाच डिझाइनचे शिक्षण द्यायला सुरुवात केली. अभ्यासक्रम त्यांच्या भाषेत आणि त्यांच्या कामाच्या वेळापत्रकाला धरून आखला. त्यातून स्वतःच्या नावाने संग्रह सादर करणारे कारागीर तयार झाले. कच्छची बाजारपेठ, तिथले पर्यटन आणि भंडाऱ्याची परिस्थिती सारखी नाही, हे मान्य. पण कारागीर डिझायनर होऊ शकत नाही हा समज मात्र तिथे कायमचा खोटा ठरला. आणि बरोबरीच्या बोलण्याआड शिक्षणापेक्षा जात, लिंग आणि शहरी भाषेचा दरारा अधिक येतो हेही मोकळेपणाने म्हटले पाहिजे. कोष्टी, ढिवर, रंगारी, व्यापारी आणि शहरातला पदवीधर एका टेबलाशी बसले की कोण आधी बोलतो आणि कोण मान डोलावतो हे ठरलेले असते. म्हणून नुसते 'सगळ्यांना बोलवा' म्हणून भागणार नाही. बैठक मागाजवळ घ्यावी, चर्चा कागदावर न करता विणलेल्या तुकड्यावर करावी, आणि पहिले मत सूत काढणाऱ्या व विणणाऱ्या बायांचे घ्यावे. हातात तुकडा असला की ज्याला काम कळते त्याला शब्दांची उसनवारी करावी लागत नाही.

या सगळ्यातून करायच्या गोष्टी मोजक्याच उरतात. नागपूरचे विणकर सेवा केंद्र, राज्याची वस्त्रोद्योग यंत्रणा आणि विदर्भातली डिझाइन व वस्त्रतंत्र शिकवणारी महाविद्यालये यांनी भंडाऱ्यात येणाऱ्या प्रत्येक डिझाइन प्रकल्पाला चार अटी घालाव्यात. रेखाटन सुरू होण्याआधी रंगारी, विणकर आणि सूत काढणाऱ्या महिला यांच्यासोबत एक बैठक. नमुन्याच्या प्रत्येक दिवसाची मजुरी, नमुना फसला तरी. फसलेल्या नमुन्यांची नोंदवही, ज्यात कारण लिहिले जाईल पण दोषी शोधला जाणार नाही. आणि विक्रीच्या लेबलवर डिझायनरसोबत विणकराचे व रंगाऱ्याचे नाव, करारात त्यांचा वाटा. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुण डिझायनरांनीही मानधन ठरवतानाच या अटी मागाव्यात, कारण त्या त्यांच्या कामाचेही रक्षण करतात. ग्राहकाचाही यात हातभार लागू शकतो. करवतकाठी घेताना किंमत आणि रंग विचारता, तसे आणखी एक विचारा : ही कोणी विणली? दुकानदाराला हा प्रश्न वारंवार ऐकावा लागला की लेबलवर नाव यायला वेळ लागणार नाही. आणि ज्याचे नाव साडीवर आहे, त्याला नक्षीच्या बैठकीतून बाहेर ठेवणे कोणालाच परवडणार नाही.